बटण दाबलं तरी छत ढिम्म

प्रश्न : नमस्कार सर, मी पर्वरीला राहतो, मागच्या वर्षी सेकंडहँड कन्व्हर्टिबल घेतली, कापडी छत आहे, बटणावर उघडणारं. पावसात उघडायचा प्रश्नच नव्हता, गाडी जास्त करून उभीच होती. आता चवथ झाली, ऊन पडलं म्हणून बटण दाबलं तर काहीच नाही, मागून नुसता टक असा आवाज येतो, बस. गॅरेजवाला म्हणतो हायड्रॉलिक पंप गेला, बाहेरून मागवायला लागेल, आणि त्याने सांगितलेला आकडा ऐकल्यापासून घरात गाडीचा विषय काढायची सोय नाही. खरंच पंपच गेला असेल का?

उत्तर : असेलही, पण पंपाला (मोटरवर फिरून तेलाच्या दाबाने छत हलवतो तो) फाशी द्यायच्या आधी पुरावा मागा ना! ही छतं बऱ्याचदा बिघडलेली नसतात, अडून बसलेली असतात. कंट्रोल युनिट, म्हणजे छताचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, आधी बघतं की डिकी नीट लागलीय का, डिकीतलं ते पार्टिशन (छत दुमडून जिथे बसतं तिथलं) खाली आहे का, गाडी किती वेगात आहे, बॅटरीत दम आहे का. यातलं एक जरी जुळलं नाही तरी ते गप्प बसतं, आणि डिकीत बॅग कोंबून पार्टिशन वर सरकलेलं असणं हे तर नेहमीचंच. वेगाची मर्यादाही प्रत्येकाची वेगळी, 2016 नंतरच्या मिनी कन्व्हर्टिबलचं छत ताशी 30 किमीपर्यंत चालतं, बीएमडब्ल्यूच्या नव्या कापडी छताच्या झेड-4 चं 50 पर्यंत, काही गाड्यांना पूर्ण थांबावंच लागतं. मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेलं असेल, ते एकदा वाचाच.

आता तुमचा तो 'टक'. तो बहुतेक रिलेचा (मोटरला करंट जोडणारा विजेवरचा स्विच) आवाज, म्हणजे बटणाचा हुकूम मागपर्यंत पोचतोय पण पंपाची मोटर फिरत नाहीये. काहीच आवाज नसता तर मी फ्यूज, बटण आणि डिकीचे-लॅचचे छोटे स्विच बघायला सांगितलं असतं, आणि घुंsss करून मोटर फिरतेय पण छत हलत नाही असं असतं तर तेल कमी, कुठेतरी गळती, नाहीतर कोणीतरी हाताने छत उघडताना बायपास व्हॉल्व्ह (तेलाचा दाब सोडून देणारा) सैल करून तसाच सोडलाय. तुमच्याकडे यातलं काही नाही.

त्यामुळे आधी बॅटरी. पावसाळाभर उभी गाडी, बॅटरी उतरलेली असणारच. इंजिन बंद असताना मल्टिमीटरवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसलं तर ठीक, 12.2 म्हणजे जवळपास अर्धी संपली, आणि ही मोटर भरपूर करंट ओढते, त्यामुळे गाडी स्टार्ट होते म्हणून बॅटरी चांगली असं धरू नका. चार्ज करा, इंजिन चालू ठेवून परत बटण दाबा. तरी हललं नाही तर इलेक्ट्रिशियनला सांगा, एकाने बटण दाबून धरायचं आणि दुसऱ्याने थेट पंपाच्या मोटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजायचं. तिथे पूर्ण 12 येऊनही मोटर मेलेली असेल तर गॅरेजवाला बरोबर. येत नसेल तर दोष रिले, वायर किंवा अर्थिंगचा, आणि ते काम पंपाच्या मानाने किरकोळ आहे.

आपल्याकडे अजून एक भानगड असते. छत जिथे दुमडतं तिथे पाणी जायला भोकं असतात, ती आंब्याच्या पानांनी, सुरूच्या काड्यांनी बुजतात, मग पाणी डिकीत उतरतं, आणि बऱ्याच गाड्यांत पंप नेमका तिथेच, डिकीच्या बाजूला नाहीतर मागच्या सीटमागे. डिकीतलं कार्पेट उचलून बघा, कुबट वास आला, ओल लागली, अर्थच्या बोल्टवर हिरवट पूड दिसली तर चोर सापडला. भोकं मऊ नायलॉनच्या दोरीने मोकळी करा, कॉम्प्रेसरचा जोरदार झोत नको, आतला पाइप निसटला तर मग पाणी कुठे जाईल सांगता येत नाही.

प्रश्न : मिरामारला छत अर्ध्यावरच अडकलं आणि वरून पाऊस! हाताने ओढून बंद केलं तर चालेल का?

उत्तर : ओढू नका, फ्रेम वाकली की पंपापेक्षा महाग पडेल. मित्रांना दाखवायला चार-पाच वेळा उघड-बंद केलं असेल (करतातच सगळे) तर मोटर तापून स्वतःच बंद झाली असेल, थोडा वेळ थांबून परत बघा. हायड्रॉलिक असेल तर चावी बंद करून मॅन्युअलमध्ये दाखवलेला पंपावरचा व्हॉल्व्ह सैल करायचा, मग दोघांनी दोन्ही बाजूंनी एकदम, सावकाश उचलायचं, एकट्याने एका बाजूने अजिबात नाही, आणि सांध्यांत बोटं घालायची नाहीत. काही छतं नुसत्या इलेक्ट्रिक मोटरवर चालतात, त्यांत तो व्हॉल्व्हच नसतो, त्यांची पद्धत निराळी.

प्रश्न : छताचं तेल कमी झालंय, मॅकेनिक म्हणतो ब्रेक ऑइल टाकूया, चालतं का?

उत्तर : मॅन्युअलमध्ये तसं लिहिलं नसेल तर हात लावू देऊ नका. बहुतेक गाड्यांत वेगळं हायड्रॉलिक तेल असतं, ब्रेक ऑइलने त्याची रबरी सीलं फुगतात आणि मग सिलिंडर एकामागोमाग गळायला लागतात. लेव्हल छत उघडं ठेवून बघायची की बंद, हेही गाडीप्रमाणे बदलतं. आणि हे तेल बंद सिस्टिममध्ये असतं, आपोआप संपत नाही, तेव्हा भरायच्या आधी मागच्या सीटचा कोपरा आणि डिकीच्या बाजू चाचपून बघा, कुठेतरी तेलकट डाग असणारच.