गरोदरपणातल्या आहाराचा मुलाच्या पुढच्या आरोग्यावर परिणाम होतो, हे कळतं कसं?

त्यासाठी मूल पोटात असल्यापासून वर्षानुवर्षं त्याचा मागोवा घ्यावा लागतो. आपल्याकडचं उत्तम उदाहरण पुण्याचंच आहे. के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या ६ गावांत हे काम सुरू केलं. बायकांची वजनं-मापं गरोदर राहण्याआधीच घेऊन ठेवली होती, आणि माझ्या मते या अभ्यासाचं खरं बळ तिथेच आहे. नंतर आठवण काढून सांगितलेल्या माहितीवर इतकं विसंबता येत नाही.

या गावांतली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांचे हातपाय बारीक असूनही त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. पालेभाज्या, फळं, दूध जास्त घेणाऱ्या आयांची बाळं आकाराने मोठी होती. आईच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट (फोलिक ॲसिडच्या गोळ्यांतून मिळतं ते जीवनसत्त्व) जास्त असेल, तर सहाव्या वर्षी मुलांत शरीराने इन्सुलिनला (रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला) दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं. हा संबंध आहे, सिद्ध झालेलं कारण नव्हे. म्हणून कृपा करून फोलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करू नका. बी-१२ तपासायचं का, ते डॉक्टरांना जरूर विचारा.