शिष्यवृत्ती निधीचं व्याज पुरत नसेल तर मुद्दल मोडावी का?

गावातल्या शिष्यवृत्ती निधीच्या 12 लाखांच्या ठेवीवर पूर्वीइतकं व्याज सुटत नाही, तर मुद्दलातून थोडे काढावेत का, असं तुम्ही विचारलंय. एका छोट्या न्यासाची खजिनदार म्हणून सांगते, मुद्दलाला हात लावू नका. पण सगळं व्याज वाटून टाकलं की मुद्दल शाबूत राहते, असंही धरून चालू नका.

7 टक्क्यांनी वर्षाला 84,000 येतात. महागाई 5 टक्के धरली तर साधारण 14 वर्षांत त्या 12 लाखांची किंमत निम्मी होते. ठेवपावतीवर आकडा तोच, पण दहा मुलांची फी भरणारा निधी पाचांवर येतो. किंमत टिकवायला पहिल्याच वर्षी 60,000 मुद्दलात पडायला हवेत. ते व्याजातूनच काढले तर मुलांसाठी उरतात 24,000.

त्यात आयकरातून सूट घेणाऱ्या न्यासाला 85 टक्के उत्पन्न खर्चावंच लागतं. बिनशर्त मागे ठेवता येतात 15 टक्के, म्हणजे 12,600. बाकीचे 47,400 नव्या देणग्यांतूनच यायला हवेत. माजी विद्यार्थी देतात, पण मागावे लागतात. देणगी घेताना ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असं देणगीदाराकडून लेखी घ्या. नाहीतर ती चालू उत्पन्नात धरली जाते आणि तिलाही 85 टक्क्यांचा नियम लागतो. आम्ही कायम निधीचं पावतीपुस्तकच वेगळं ठेवलंय.

एक-दीड टक्का जास्त मिळतो म्हणून पतसंस्थेकडे वळू नका. तिथल्या ठेवीला विमा नाही. बँकेतही तो व्याजासकट 5 लाखांपर्यंतच असतो, म्हणून तीन बँकांत चार-चार लाख ठेवा. सहकारी बँक निवडलीत तर न्यासाचे पैसे ठेवायला तिला शासनाची मान्यता आहे ना, ते आधी बघा.

आणि यंदा कमी पडत असतील तर नवी मुलं कमी घ्या. आधीच निवडलेल्या मुलांची रक्कम मात्र शिक्षण संपेपर्यंत कापू नका. त्यांच्या घरच्यांनी ते पैसे धरूनच पुढचा प्रवेश घेतलेला असतो.