गल्लीत आपलं एकच घर

प्रिय मुली,

शेजारच्या गृहस्थांनी त्यांच्या अंगणातल्या जेवणाच्या वेळी तुला जे ऐकवलं, त्यावरून तुझा आणि नवऱ्याचा वाद झाला असं तू लिहिलंस. ‘तुम्ही भारतीय किती कष्टाळू, मुलांच्या अभ्यासाकडे किती लक्ष देता. बाकीच्यांनी तुमच्याकडून शिकावं.’ बाकीचे म्हणजे कोण, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना कळलं होतं. नवरा म्हणतो, माणसाने कौतुक केलं, तू कशाला कीस काढतेस? तुला मात्र रात्री झोप लागली नाही. मी तुझ्या बाजूची आहे. का, ते सविस्तर लिहिते, कारण ओहायोतल्या त्या गल्लीत तुमचं एकच भारतीय घर आहे आणि असली कौतुकं तुझ्या वाट्याला पुष्कळ येणार आहेत.

ते कौतुक तुझं नाहीच. ते गृहस्थ तुला ओळखत नाहीत. त्यांच्या डोक्यात आपल्याबद्दल एक चित्र तयार आहे: डॉक्टर किंवा कॉम्प्युटरवाला नवरा, मऊ बोलणारी बायको, गणितात हुशार मुलं, कशाचीच तक्रार नाही. तू त्या चित्रात बसलीस म्हणून तुला पसंती मिळाली. उद्या नगरपालिकेच्या बैठकीत तू रस्त्यावर तुंबणाऱ्या पाण्याबद्दल आवाज चढवलास, तर हेच लोक ‘आता या फार बोलायला लागल्या’ म्हणतील. ज्या मानाला अटी असतात त्याच्यावर विसंबून घर उभं करू नये.

हे चित्र आलं कुठून, ते नवऱ्यालाही वाचून दाखव. १९६५ साली अमेरिकेने देशनिहाय कोट्यांचा जुना कायदा मोडीत काढला आणि शिकलेल्या, कसबी माणसांना दार उघडलं. आपल्याकडून कोण आलं? मेडिकल आणि इंजिनिअरिंग कॉलेजांतून निवडून निघालेली मुलं. पुढे व्हिसाच्या नियमांनी तीच निवड चालू ठेवली. चाळणीतून पडलेले दाणे बघून सगळ्या पोत्याची प्रत ठरवावी, तसं हे आहे. आणि लगेच, जानेवारी १९६६ मध्ये, विल्यम पीटरसन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या मासिकात जपानी-अमेरिकन लोकांच्या यशावर लेख लिहिला. नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात होती तेव्हा. कृष्णवर्णीय लोक हक्क मागत होते आणि त्यांना उदाहरण दाखवलं जात होतं: ते बघा, त्यांनी न ओरडता प्रगती केली. ‘आदर्श अल्पसंख्याक’ ही कल्पना तिथून रुळली आणि पुढे आपल्यालाही तिच्यात बसवलं गेलं. तुझ्या शेजाऱ्याने तो लेख वाचला नसेल, पण वाक्य त्याचंच बोलला.

त्याआधी आपल्याला काय म्हणत होते, तेही माहीत असू दे. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद या भारतीयाच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. ज्यांना नागरिकत्व मिळालं होतं त्यांच्यापैकी अनेकांचंही काढून घेतलं. त्यांत पेशावरचे वैष्णोदास बगाई होते. १९१५ साली बायको कला आणि तीन मुलांना घेऊन ते सॅन फ्रान्सिस्कोला आले, दुकान काढलं, सूट-टाय घालत, अमेरिकन रीतीने राहत. बर्कलीत त्यांनी घर घेतलं. सामान गाडीत भरून कुटुंब दाराशी पोचलं, तर शेजाऱ्यांनी घराला कुलपं लावून ठेवलेली! कलाबाईंनी सांगितलं, इथे राहायचं नाही, मुलांना इजा करतील. गाडी मागे फिरवली. नागरिकत्व गेल्यावर, १९२८ मध्ये, वैष्णोदासांनी आत्महत्या केली. कलाबाईंनी मुलं शिकवून मोठी केली, १९८३ पर्यंत त्या जगल्या, आणि आता त्याच बर्कलीत एका रस्त्याला त्यांचं नाव आहे. मला या बाईंचा विलक्षण आदर वाटतो. आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत त्यांची गोष्ट सांगितली जात नाही, याची खंत आहे.

मग तुला-मला अशा गल्लीत घर कसं मिळालं? इथे माझ्या नवऱ्याच्या पिढीतली माणसं ‘आम्ही आमच्या मेहनतीने मिळवलं’ म्हणून थांबतात. मेहनत होतीच. पण दार आधी दुसऱ्यांनी फोडलं होतं.

माझ्या घरापासून जवळच पेनसिल्व्हेनियातलं लेव्हिटटाउन आहे. विल्यम लेव्हिटने तिथे १७ हजारांवर घरं बांधली आणि कृष्णवर्णीयांना एकही विकलं नाही. ऑगस्ट १९५७ मध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे जोडपं एका मालकाकडून परस्पर घर घेऊन तिथे राहायला आलं. तो महायुद्धात सैन्यात होता, ती पदवीधर, कडेवर तान्ही मुलगी आणि बरोबर दोन लहान मुलगे. चांगल्या शेजाऱ्यात जे जे हवं म्हणतात ते सगळं त्यांच्याकडे होतं. तरी रोज रात्री घरासमोर शेकडो माणसं जमायची. खिडकीतून दगड आले. शेवटी राज्य पोलिसांना आणावं लागलं. जमावाला हाकललं तेव्हा काही जणांनी मागचं घरच ताब्यात घेतलं आणि तिथून मोठ्याने गाणी लावून छळ चालू ठेवला. शेजारच्या वेक्स्लर या ज्यू कुटुंबाने मायर्स लोकांना साथ दिली, म्हणून त्यांच्याही भिंतीवर ‘केकेके’, म्हणजे कू क्लक्स क्लान या वंशद्वेष्ट्या संघटनेची अक्षरं, रंगवली. क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाची माणसं येऊन घरात बसून राहायची, रात्री पहारा द्यायची. मायर्स कुटुंब हललं नाही. घरविक्रीत वंश बघायला बंदी करणारा कायदा आला एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर सातव्या दिवशी. तू घराच्या कागदांवर सही केलीस ती त्या कायद्याच्या आधाराने. म्हणून ‘बाकीच्यांनी तुमच्याकडून शिकावं’ हे वाक्य आपल्याला गिळता येत नाही. ज्यांच्या खिडक्या फुटल्या त्यांच्याच विरुद्ध आपल्याला साक्षीला उभं केलं जातंय.

आता तुझ्या आई-बाबांबद्दल. ते जूनमध्ये येणार, बाबांना पहाटे फिरायची सवय, आणि आईला टिकली लावू नको म्हणू का, असं तू विचारलंस.

टिकलीचं आधी. १९८७ मध्ये जर्सी सिटीत एका टोळक्याने टिकलीवरूनच स्वतःचं नाव ठेवलं होतं, ‘डॉटबस्टर्स’. भारतीयांना हाकलून लावू अशी धमकी त्यांनी स्थानिक वर्तमानपत्राला पत्र लिहून दिली. त्याच सप्टेंबरात शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी नावाच्या तरुणाला टोळक्याने मारून मारून संपवलं. तो बँकेत अधिकारी होता, पारशी होता, पुरुष होता. त्याच्या कपाळावर काय होतं? काहीच नाही. टिकली काढून कुणी वाचत असतं तर मी स्वतः तुला काढायला सांगितलं असतं. आईला सगळं खरं सांग आणि ठरवू दे तिचं तिला. साठीतल्या बाईला कपाळ पूस म्हणणं हे तुझं काम नाही.

बाबांच्या फिरण्याची मात्र मला खरी काळजी आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावी सुरेशभाई पटेल मुलाकडे आले होते, नातवाला सांभाळायला. वय ५७. सकाळी मुलाच्या घरासमोरच्या रस्त्यावर फिरत होते. एका शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला की एक किडकिडीत काळा माणूस इथे हिंडतोय, घरांकडे बघतोय. पोलीस आले. पटेलांना इंग्रजी येत नव्हतं. ‘नो इंग्लिश’, ‘इंडिया’ आणि घराचा नंबर एवढंच ते सांगत होते. एका पोलिसाने त्यांचे हात मागे धरले आणि त्यांना तोंडावर जमिनीवर आपटलं. मानेला एवढा मार लागला की अंगातली शक्ती गेली. त्या पोलिसावर फेडरल कोर्टात दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्यूरीचं एकमत झालं नाही, आणि शेवटी न्यायाधीशांनी त्याला मोकळं केलं.

फोन करणाऱ्याला भारतीय दिसलाच नाही. त्याला दिसला एक काळा माणूस, आणि काळा माणूस दिसला की पोलीस बोलवायचे हे त्याला पक्कं शिकवलेलं होतं. कृष्णवर्णीयांबद्दलची भीती आपल्या दारावरून निघून जात नाही. ‘आम्ही त्यांच्यातले नाही’ ही पाटी बाबांच्या गळ्यात बांधता येणार नाही, आणि बांधावी असं मला वाटतही नाही. ती भीती गल्लीतून गेली तरच बाबा निर्धास्त फिरतील, आणि कोपऱ्यावर राहायला येणारं कृष्णवर्णीय कुटुंबही.

तोवर मात्र सावध राहावं लागेल. आई-बाबा आल्यावर पहिल्या दोन-तीन संध्याकाळी त्यांना बरोबर घेऊन दारोदार जा. ‘हे माझे वडील, सहा महिने आमच्याकडे आहेत, सकाळी फिरायला निघतात.’ ज्या घराबद्दल तुला शंका आहे तिथे तर जाच. पहिला आठवडाभर तू किंवा नवरा बरोबर चाला. खिशात घराचा पत्ता आणि तुमचे दोघांचे नंबर इंग्रजीत लिहिलेला कागद असू दे. आपल्या लोकांना दुसऱ्याची बाग, गुलाब, गाडी थांबून बघायची हौस असते. बाबांना सांग की चालता चालता बघा, कुणाच्या अंगणापाशी उभं राहू नका. पोलीस थांबवतील तर जागच्या जागी थांबायचं, हात दिसतील असे ठेवायचे, कागद काढायलाही खिशात हात घालायचा नाही. तोंडाने सांगायचं की कागद खिशात आहे. हे एकदा घरात करून दाखव. सांगताना त्यांची काही चूक नाही हेही सांग. बाबांना अपमान वाटेल. वाटू दे, त्यावर बोल, पण गप्प बसून त्यांना एकटं बाहेर पाठवू नकोस.

शाळेचं थोडक्यात लिहिते, कारण त्यात मी आयुष्य घालवलं. लेकाने डब्यात पोळीभाजी नको म्हटलं, तर लगेच सँडविच देऊ नकोस आणि लगेच ‘आपल्या संस्कृतीचा अभिमान’ हे भाषणही देऊ नकोस. कोण काय म्हणालं ते विचार आणि डब्याचं त्याला ठरवू दे. पण मुलं नाक दाबून बाजूला सरकली असतील तर शिक्षिकेला त्याच दिवशी ईमेल कर, तारीख आणि शब्द नोंदवून. तोंडी तक्रार हवेत विरते, लेखी तक्रार शाळेला सहज टाळता येत नाही. दुसरी गोष्ट तुझ्या लक्षात आलेली नाही असं वाटतं. त्याचा गणिताचा गोंधळ शिक्षिकेने मनावर घेतला नाही, ‘तो करेल हो’ म्हणाली. हासुद्धा त्या कौतुकाचाच परिणाम. मदतीची गरज असलेलं मूल हुशार जमातीतलं म्हणून तसंच राहून जातं. सामाजिक अभ्यासाच्या तासाला दरवेळी त्यालाच उठवून भारताबद्दल विचारत असतील तर तेही थांबवायला सांग. आठ वर्षांचा मुलगा आहे तो, वकिलातीचा अधिकारी नाही.

आता कडू वाटेल ते. आपल्या शनिवारच्या जेवणांत ‘त्या भागात घर घेऊ नका, तिथे काळे फार’ हे वाक्य किती सहज येतं, तू ऐकलं आहेसच. मुलीने कृष्णवर्णीय मित्र घरी आणला की कितीजणींचे चेहरे उतरतात. पुण्यात आफ्रिकेतून शिकायला आलेल्या मुलांना खोली मिळताना काय होतं, ईशान्येकडच्या मुलींना रस्त्यात काय म्हणतात, मुंबईत मुसलमान आडनाव ऐकून सोसायटीतला फ्लॅट कसा अचानक ‘आधीच दिलेला’ असतो, हे आपण इथे येताना मागे टाकून आलो नाही. तुझा लेक ही वाक्यं आपल्याच दिवाणखान्यात शिकेल. पुढच्या वेळी कुणी बोललं की तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, ‘माझ्या घरात हे नको’ म्हण. माणसं रागावतील. मंडळातली दोन घरं कमी झाली तरी चालेल.

राहिले तुझे शेजारी. ते वाईट गृहस्थ आहेत असं तुझ्या पत्रावरून वाटत नाही. पहिल्या बर्फात त्यांनी तुमचा रस्ता साफ करून दिला होता, असं तूच लिहिलंस. म्हणूनच त्यांच्याशी बोलणं शक्य आहे. चारचौघांत नको. त्यांच्याकडे जा, चहाला बोलाव, आणि सरळ सांग: ‘त्या दिवशी तुम्ही आमची तुलना केलीत ते मला खटकलं. आमच्यातही आळशी आहेत, कर्जात बुडालेले आहेत, नापास होणारी मुलं आहेत. आणि ज्यांच्याशी तुलना केलीत त्यांनी लढून मिळवलेल्या कायद्यामुळे मी तुमच्या शेजारी राहते.’ आवाज चढवायची गरज नाही, माफीही मागायची नाही. हसून वाक्य बोथट करू नकोस, ही सवय आपल्याला फार असते. पटेलांची गोष्टही त्यांना सांग आणि मग विचार की माझे वडील येणार आहेत, तुम्ही त्यांच्याबरोबर पहिल्या सकाळी चालाल का?

ते नाही म्हणाले तरी मला कळव. शिक्षिकेला लिहायच्या ईमेलचा मसुदा रविवारपर्यंत पाठव, मी बघून देते. आणि आई-बाबांच्या विमानाची तारीख कळव. पहिल्या आठवड्यात मी तुझ्याकडे येऊन राहू शकते.

तुझी,
मावशी