पक्की खोली असली तरी घराची गरज संपते का?

प्रश्न : मी रामबागेत तीन घरी पोळ्या करते आणि यजमान सियागंजात हमाली करतात. जुनी इंदूरमधील भाड्याच्या एका खोलीत सासूबाई, आम्ही दोघे, मोठा मुलगा, सून आणि दहावीतला धाकटा असे सहा जण राहतो. रात्री गाद्या अंथरल्या की पाय ठेवायला जागा उरत नाही, म्हणून धाकटा जिन्यातल्या दिव्याखाली अभ्यास करतो. डोक्यावर पक्के छत असल्यामुळे आम्ही गरजू ठरत नाही, असे शेजारी म्हणतात. हे खरे आहे का?
— एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर : नाही, ताई, हे खरे नाही. केंद्र सरकारने नेमलेल्या अभ्यासगटाने २०१२ मध्ये शहरी भारतात सुमारे १ कोटी ८८ लाख घरांची टंचाई असल्याचा अंदाज मांडला, तेव्हा त्यातील जवळजवळ ८० टक्के कुटुंबे उघड्यावर राहणारी नव्हती, तर दाटीवाटीने राहणारी होती. आणि विवाहित जोडप्याला स्वतंत्र खोली नसणे हीच दाटीची खूण मानली गेली होती. आपल्या घरी तर अशी दोन जोडपी आहेत.

प्रधानमंत्री आवास योजनेतही पक्क्या खोलीत भाड्याने राहणे आड येत नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असावे आणि देशात कुठेही स्वतःच्या मालकीचे पक्के घर नसावे, या त्यातील मुख्य अटी आहेत. घर साधारणपणे कुटुंबातील स्त्रीच्या नावावर किंवा पतिपत्नींच्या संयुक्त नावावर होते, म्हणून अर्जासाठी आपली स्वतःची कागदपत्रेही तयार ठेवावीत.

खरी अडचण पुढेच आहे. अनुदान वजा जाता उरणाऱ्या रकमेसाठी बँक पगाराची पावती मागते, आणि ती पोळ्या करणाऱ्या बाईकडेही नसते, हमालाकडेही नसते. शिवाय स्वस्त घरे बहुधा शहराच्या कडेला बांधली जातात. तिकडून सकाळी सहाला रामबागेत पोहोचायचे तर निदान एका घरचे काम सुटणारच. म्हणूनच १९९१ मध्ये बंद पडलेल्या हुकुमचंद मिलसारख्या भर शहरातील जमिनींचा काही भाग लहान, माफक भाड्याच्या घरांसाठी राखून ठेवावा, असे मला आग्रहाने वाटते. योजनेच्या २०२४ च्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचाही स्वतंत्र घटक आहे. महानगरपालिकेत चौकशी करताना मालकीच्या घराबरोबर त्याचीही माहिती अवश्य मागावी.