दोन वर्षांहून जास्त काळ नैराश्य आहे. थेरपीत नुसतं बोलून मेंदूत काही बदलतं का? एमआरआयमध्ये ते दिसेल का?

बदलतं. पण तुमच्या एमआरआयमध्ये ते दिसणार नाही, त्यावर पैसे घालवू नका. संशोधनात अनेकांच्या फंक्शनल एमआरआयची (मेंदूचा कुठला भाग किती काम करतोय हे दाखवणाऱ्या स्कॅनची) सरासरी काढून फरक मोजतात. एकट्याच्या स्कॅनवरून नैराश्य किंवा सुधारणा ठरत नाही.

दुखावणारा शब्द वाचला की अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला भावनांशी निगडित छोटा भाग, सगळ्यांचाच चाळवतो. २००२ च्या एका अभ्यासात निरोगी लोकांचा १० सेकंदांत शांत झाला, नैराश्यातल्यांचा २५ सेकंदांनंतरही चालूच होता, तेही मधे दुसरं काम दिलेलं असताना. मन त्याच गोष्टीभोवती घुटमळत राहतं, ते हेच.

२०१२ च्या एका जर्मन अभ्यासात वारंवार नैराश्य येणारे, गोळ्या न घेणारे १६ रुग्ण होते. त्यांच्याच नात्यांतल्या दुखऱ्या जागांवरची वाक्यं त्यांना स्कॅनरमध्ये दाखवली. १५ महिन्यांच्या थेरपीनंतर अमिग्डाला-हिप्पोकॅम्पसचा भाग, सबजेनुअल सिंग्युलेट आणि मीडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स या भावना आणि आठवणींशी निगडित भागांतली जादा हालचाल कमी झाली होती. रुग्ण थोडे होते, म्हणून यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण १५ महिने हा आकडा लक्षात ठेवा. चार सेशननंतर "काही फरक नाही" म्हणून सोडणं, ही मला सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक वाटते.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक सेशनमध्ये आठवडाभराचं दुःख सांगून घरी येणं. मन हलकं होतं, पण विचार करायची आणि वागायची सवय तशीच राहते. दीर्घकालीन नैराश्यासाठी खास बनवलेल्या सीबीएएसपी या थेरपीच्या पद्धतीत एकच छोटा प्रसंग कागदावर उलगडतात: काय घडलं, मी काय अर्थ लावला, मी काय केलं, शेवट काय झाला, मला काय हवं होतं. समजा, ऑफिसात डबा खायला कोणी हाक मारली नाही. अर्थ: "मी नकोशी आहे." कृती: जागेवरच एकटीने खाल्लं. हवं होतं: सोबत बसणं. आता तपासायचं, तो अर्थ प्रसंगातून निघतो की जुन्या अनुभवातून? आणि "मीपण येते" म्हटलं असतं तर? पुढच्या वेळी ते खरोखर म्हणून बघायचं. आपल्या वागण्याने शेवट बदलतो, हा अनुभव पुन्हा पुन्हा यावा लागतो.

गोळ्या चालू असतील तर स्वतःहून बंद करू नका. २००० सालच्या मोठ्या अमेरिकन चाचणीत १२ आठवड्यांत नुसत्या औषधाने ४८ टक्के, नुसत्या याच थेरपीने ४८ टक्के आणि दोन्ही मिळून ७३ टक्के रुग्णांना चांगला फरक पडला.

मुंबईत केईएम, नायर, सायन इथे केसपेपर काढून मानसोपचार ओपीडीत दाखवता येतं. खासगीत जायचं तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी विचारा. विचारण्यात संकोच नको. प्रगती मोजायला दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजायची प्रश्नावली भरा: ९ प्रश्न, एकूण २७ गुण. ५ गुणांची घट म्हणजे खरी सुधारणा. नवव्या प्रश्नात, मरणाच्या विचारांबद्दल, शून्याहून जास्त काहीही आलं तर पुढच्या सेशनची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.