जनगणनेत आधी घरं मोजतात आणि माणसं नंतर, असं का?

घर सापडलं तरच माणूस सापडतो, म्हणून. घरयादीच्या फेरीत प्रगणक, म्हणजे मोजणी करणारा, बहुधा शिक्षकच, आपल्या भागाचा नजरी (अंदाजाने, हाताने काढलेला) नकाशा काढतो, इमारतींना नंबर देतो. बंद घर, दुकान, देऊळ, काहीच सोडायचं नसतं. (शिक्षक या कामाला का कंटाळतात, ते कळलं असेल!) त्यावरूनच पुढे कोणाकडे किती कुटुंबं द्यायची ते ठरतं. २०११च्या जनगणनेत घरयादी २०१०च्या एप्रिल ते सप्टेंबरात झाली, शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी २०११ला. बेघरांना पत्ताच नाही, त्यामुळे त्यांची मोजणी २८च्या रात्री. मग १ ते ५ मार्च उजळणीची फेरी: घरची मोजणी झाल्यावर, पण २८ तारीख संपून १ मार्च लागण्याआधी, जन्मलेलं बाळ जोडायचं, वारलेल्याचं नाव कमी करायचं.