जुन्या हवाईयन गिटारचा पिकअप: बदलावा की भरून घ्यावा?

प्रश्न: वडिलांनी १९६० च्या सुमारास घेतलेली सहा तारांची इलेक्ट्रिक हवाईयन गिटार आमच्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यानंतर ती अचानक मुकी झाली. केबल आणि अ‍ॅम्प्लिफायर ठीक आहेत. पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा, चुंबक आणि बारीक तारेची कॉइल असलेला भाग) जळाला असून नवा बसवावा लागेल, असे दुरुस्ती करणारे म्हणतात. त्यांचे ऐकावे काय?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: एवढ्यात ऐकू नये. पिकअपमध्ये जळण्याइतका प्रवाह कधी येतच नाही. त्याच्या कॉइलची तार तुटते किंवा गंजते. आधी केबल गिटारला जोडून, व्हॉल्यूम पूर्ण वाढवून, मोकळ्या प्लगचे टोक आणि दांडा यांमधील रोध मल्टिमीटरने मोजावा. काही किलोओहम दिसले, तर कॉइल बहुधा शाबूत आहे. जवळपास शून्य दिसल्यास सॉकेटमध्ये किंवा वायरीत शॉर्ट असावा, आणि आकडाच न उमटल्यास वायर कोठेतरी सुटली असावी. या दोन्ही गोष्टी सोल्डरिंग जमणारा माणूस तासाभरात निस्तरतो. मात्र २५० किंवा ५०० किलोओहमच्या आसपासचा आकडा आला, तर कॉइल तुटली आहे आणि मीटर केवळ व्हॉल्यूमच्या पॉटचा, म्हणजे बटणाखालच्या कमी-जास्त होणाऱ्या रोधकाचा, रोध दाखवत आहे, असे समजावे. या आकड्याने भलेभले फसतात.

कॉइल तुटलेली निघाली, तरी तार बहुतेकदा सोल्डरच्या जोडाजवळच तुटते, कारण हाताचा घाम आणि आपल्याकडची खाडीची दमट हवा यांमुळे तेथे हिरवा गंज चढतो. बाहेरचे टोक तुटले असल्यास दोन-चार वेढे सोडवून नवा जोड देता येतो. आतले टोक तुटले असेल, तर पिकअप पुन्हा भरून, म्हणजे त्यावर नवी तार गुंडाळून, घ्यावा. नवा बसवण्याच्या भरीस शक्यतो पडू नये. स्टील गिटारच्या, म्हणजे हवाईयन गिटारच्या, तारा अंगापासून बऱ्याच उंच असतात, त्यांमधील अंतरही वेगळे असू शकते, आणि साध्या इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप बसवण्यासाठी मूळ लाकूड कोरावे लागले, तर ते पुन्हा भरून येत नाही. काही जुन्या मॉडेलांत तर तारा पिकअपच्या चौकटीतूनच जातात. तेथे बाजारातला पिकअप बसणारच नाही.

भरून घेताना खरी गफलत तारेच्या क्रमांकात होते. अशा पिकअपसाठी अमेरिकन पुस्तकांत सहसा ‘४२ गेज’ लिहिलेले असते. ते अमेरिकन मापाचे, म्हणजे सुमारे ०.०६३ मिलिमीटर. आपल्याकडचे वाइंडिंगवाले ब्रिटिश माप वापरतात, आणि त्यांच्याकडील ४२ नंबरची तार ०.१ मिलिमीटर जाडीची असते. ती दिल्यास तितके वेढे बॉबिनवर (तार गुंडाळायच्या चौकटीवर) मावणार नाहीत आणि आवाज क्षीण होईल. मागायची ती ४६ नंबरची; पण त्याआधी जुन्या तारेची जाडी मायक्रोमीटरने पाहावी, कारण सर्व कंपन्यांनी एकच तार वापरली असे नाही. पंखे आणि पंप भरणाऱ्या कारागिरांचा हात चांगला असला, तरी केसाहून बारीक तार त्यांच्या यंत्रावर टिकत नाही. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे-महापे पट्ट्यात रिले आणि मीटरच्या कॉइल भरणारे कोणी आहे का, याची चौकशी करावी. मूळ बॉबिन आणि चुंबक तेच ठेवावेत, आणि जुनी तार उलगडताना वेढे मोजून घ्यावेत. केवळ रोध जुळवण्यावर भिस्त ठेवू नये. तांब्याचा रोध दर १० अंशांना सुमारे ४ टक्के वाढतो, त्यामुळे डिसेंबरच्या पहाटेचा आणि मेच्या दुपारचा आकडा एक नसतो.

प्रश्न: माझ्या जुन्या रिकनबॅकर कंपनीच्या लॅप स्टीलच्या (मांडीवर ठेवून वाजवायच्या हवाईयन गिटारच्या) पिकअपचा रोध पूर्वीइतकाच आहे, पण आवाज फार मंद झाला आहे. कॉइल भरून घ्यावी काय?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर: नाही, संशय चुंबकांवर घ्यावा. जॉर्ज बोशाँ यांना १९३७ मध्ये पेटंट मिळालेल्या या रचनेत कॉइल तारांच्या खाली असते आणि नालेच्या आकाराचे दोन चुंबक तारांवरून वळसा घेतात. त्या काळचे पोलादी चुंबक आपटल्याने किंवा काढून सुटे ठेवल्याने क्षीण होतात.  ते पुन्हा चुंबकित करून घेता येतात. फक्त काढण्यापूर्वी कोणता चुंबक कोणत्या बाजूस आणि कोणत्या दिशेने होता, याची पेन्सिलने खूण करावी आणि छायाचित्र घ्यावे, कारण एक जरी उलटा बसला, तरी आवाज आहे त्याहून मंद होऊ शकतो.